रंगाखालचा ठोका

मंगळवार, ९ सप्टेंबर

रूपा लग्न करून नाशिकला गेली आणि खोलीत बोलायला कुणी उरलं नाही, म्हणून हा लिहायचा उद्योग. घरमालकीणबाईंनी तिची कॉट अजून नेलेली नाही. मी तिच्यावर धुतलेले कपडे टाकते. घड्या घालायचा कंटाळा येतो असं स्वतःला सांगते, पण खरं म्हणजे ती कॉट रिकामी दिसली की मला कसंतरी होतं.

कंपनीत तरी काय वेगळं आहे? वाळूजच्या आमच्या कारखान्यात गाड्यांच्या दारांना लागतात त्या रबराच्या पट्ट्या बनतात. मेंटेनन्सला मी एकटीच बाई, आणि कामही एकटीनंच करायचं. हातात यंत्र घेऊन मशिनी तपासत फिरायचं. गिअरबॉक्सला चुंबकाचा सेन्सर चिकटवला की तो आतली थरथर पकडतो आणि यंत्र तिचा आलेख काढतं. गिअरचे दात एकमेकांत बसताना एक ठरावीक सूर लागतो. एखादा दात तडकला असला, तर तो फिरून समोर आला की दरवेळी एक बारीक ठोका पडतो. शॉपमधल्या, म्हणजे मशिनी चालतात त्या शेडमधल्या, गोंगाटात कानाला तो कळत नाही, आलेखात कळतो. लोक माझ्या पाठीमागं मला डॉक्टरीणबाई म्हणतात. तोंडावर मॅडम.

कँटीनमध्ये मी बसले की टेबल आपोआप मोकळं होतं. वाईट कुणी वागत नाही. ताट उचलतात, "इकडं पंखा नाय" म्हणतात आणि पलीकडं जातात. पंखा बरोबर माझ्या डोक्यावर असतो.

हां, आजची मोठी गोष्ट राहिलीच. दोन नंबरच्या रबर मिलच्या गिअरबॉक्सला मला ठोका दिसला. लहान आहे, पण आहे. खोटं कशाला बोलू, दिसल्यावर मला आनंद झाला.

मंगळवार, १६ सप्टेंबर

ठोका वाढला. आता आनंद वगैरे काही नाही.

रबर मिल म्हणजे दोन जाडजूड लोखंडी रोलर, एकमेकांकडं फिरणारे. मधल्या फटीत रबर घालायचं, कणीक मळावी तसं ते मळून निघतं. घालणारा माणूस रोलरच्या पुढ्यात उभा असतो आणि हातानं सारतो. काही झालं तर डोक्याजवळची लाल दांडी ओढायची, म्हणजे मोटर थांबते, ब्रेक लागतो. पण आमच्या ह्या जुन्या मिलला ब्रेक मोटरच्या बाजूला आहे. मोटर आणि रोलर यांच्या मध्ये तो गिअरबॉक्स. आतले दात गेले तर दांडी ओढूनही मोटर तेवढी थांबेल, रोलर थांबतीलच असं नाही. दोन नंबरवर काकासाहेब असतात. केस पांढरे झालेत, पण मनगटं अशी की एकात माझी दोन मावतील.

राजकुमार सर आमचे मेंटेनन्स मॅनेजर. त्यांना आलेख दाखवला. त्यांनी मान हलवली, मग चष्मा काढून पुसला. दिवाळी तोंडावर आहे, माल जायचाय, गिअरबॉक्स उघडला की आठवडाभर मिल बंद, असं सगळं सांगून झालं. आणि मग, "उघडल्यावर काही निघालं नाही तर, तनुजा?" मी म्हटलं, निघेल. ते म्हणाले, दसऱ्यानंतरचं रीडिंग बघू, तेव्हाही असंच असलं तर उघडू, शब्द देतो.

त्यांचा शब्द म्हणजे लिफ्टचं बटण. दाबत राहायचं आणि जिन्यानं जायचं.

मंगळवार, २३ सप्टेंबर

ठोका आणखी थोडा वर. शॉपमध्ये बातमी फुटली की डॉक्टरीणबाई दिवाळीच्या तोंडावर दोन नंबर बंद पाडणार. आज कँटीनमध्ये पंख्याची सबबसुद्धा कुणी सांगितली नाही.

दुपारी काकासाहेब स्वतः आले. हात पुसत पुसत उभे राहिले आणि म्हणाले की ह्या मिलवर त्यांचं अर्धं आयुष्य गेलंय, आजारी असती तर त्यांना आधी कळलं असतं. मी आलेख दाखवायला गेले, तर त्यांनी यंत्राकडं बघितलंही नाही. माझ्याकडं बघितलं, आणि रागानं नाही, कीव आल्यासारखं. राग परवडला असता.

बुधवार, १ ऑक्टोबर

खंडेनवमी. आज मशिनींची पूजा. काल-परवापासून शॉप धुणं चाललं होतं. प्रत्येकजण आपापली मशीन सजवतो, त्यात चढाओढ असते. सगळ्यांना मागं टाकलं काकासाहेबांनी. जुन्या गिअरबॉक्सवर खड्डे पडले होते, रंगाचे पोपडे निघाले होते. त्यांनी मेव्हण्याच्या गॅरेजमधून गाडीला लावतात ती पुट्टी आणली, सगळा गिअरबॉक्स भरून घेतला, घासून गुळगुळीत केला आणि वर हिरव्या ऑइलपेंटचे दोन हात दिले. मधोमध कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार. मिल कसली, नवरी दिसत होती. सगळे येऊन बघून गेले, राजकुमार सरांनी फोटो काढला.

मी आपली खांबाजवळ उभी. आरती झाली, नारळ फुटले. आमच्या घरात हे नाही, हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून हळदीकुंकवाचं ताट माझ्यापर्यंत येता येता वळलं. मलाही ते नकोच होतं. पण ताट वळताना बघायचं म्हणजे दुसरीच गोष्ट. काकासाहेबांनी मात्र खोबरं हातावर ठेवलं. मी खाल्लं.

गुरुवार, २ ऑक्टोबर

आई कन्नडहून पहिल्या एसटीनं आली. पांढरी साडी नेसून. आम्ही दोघी विद्यापीठामागच्या लेण्यांवर गेलो. मुंगीला पाय ठेवायला जागा नाही इतकी गर्दी, पण त्या गर्दीत मला बरं वाटतं, कारण तिथं मी कुणी मॅडम नसते. बुद्धवंदना झाली. खाली येऊन झाडाखाली भाकरी सोडली. आई म्हणाली, "तिथं हाय का गं कुणी तुला बोलायला?" मी म्हटलं, आहेत की, खूप आहेत. आईनं ठेच्याचा डबा तेवढा माझ्या पिशवीत जास्तीचा घातला.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

गेला! दोन नंबरचा ठोका गेला!

दोनदा घेतलं रीडिंग. नव्या पुट्टीवरून चुंबक जरा घसरत होता, हातानं दाबून धरावा लागला, पण आलेख बघ तर कसा, सपाट. ठोक्याच्या दोन्ही बाजूंना उठायची ती बारीक शेपटं नाहीत, काही नाही. वंगण बदललं होतं पूजेच्या आधी, त्यानं फरक पडला असेल. किंवा आधी माझंच काही चुकत असेल. असंही होतं कधीकधी.

राजकुमार सरांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. मला घेऊन शॉपमध्ये आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, दोन नंबर चालू राहणार, मॅडमनी पास केली. काकासाहेब मोठ्यांदा म्हणाले, "म्हणलं नव्हतं? पूजा पावली." सगळे हसले. मीही हसले. किती दिवसांनी हसले इथं.

जेवायला मी नेहमीच्या टेबलाकडं निघाले, तर काकासाहेबांनी हाक मारली. "ए पोरी, तिकडं कुठं? इकडं ये." त्यांच्या बायकोनं, चंपाबाईंनी, घरून दिलेले धपाटे होते, दह्याची वाटी होती. मला सरकून जागा करून दिली. मी तीन धपाटे खाल्ले, लाज नाही मला.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

आता रोज त्या टेबलावर. काकासाहेबांनी खिशातून आपट्याची वाळकी पानं काढून दिली, म्हणाले, सोनं द्यायचं राहिलं होतं. तुझ्यात घेतात का नाय मला म्हाईत नाय, पण मी माझ्याकडून देतो. मी घेतली. ते त्यांच्या मुलीबद्दल बोलतात, ती जालन्याला दिलीय, फोन उचलत नाही. मी म्हटलं, मीही आईचा उचलत नाही. ते म्हणाले, आता उठ आणि लाव फोन. लावला. आई घाबरलीच, म्हणे काय झालं.

रूपाच्या कॉटवरच्या कपड्यांच्या आज घड्या घातल्या.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

दोन नंबर पुन्हा सपाट. चुंबक आज दोनदा निसटून खाली पडला. म्हातारा झाला बिचारा, स्टोअरला नवीन मागायला हवा. काकासाहेब मला चिडवत होते, तुझं यंत्र लाजतंय माझ्या मिलीला. भाऊबीजेला घरी यायचं आमंत्रण आहे. चंपाबाईंनी खास सांगून पाठवलंय. काय घेऊन जावं? गुलमंडीवरून साडी घेतली तर फार होईल का?

बुधवार, १५ ऑक्टोबर

एक नंबरच्या मिलला तोच चुंबक लावला. खट्कन बसला. दोन्ही हातांनी ओढून काढावा लागला.

आज काही लिहायचं नाही.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

कामावरून आले ती तशीच बसले. लिहून टाकते, नाहीतर डोकं फुटेल.

तडकलेला दात स्वतःहून सांधत नाही. हे मला आज कळलेलं नाही. सात तारखेलाही माहीत होतं. पुण्याला ट्रेनिंगला गेले तेव्हा पहिल्याच दिवशी मास्तरांनी सांगितलं होतं, सेन्सर उघड्या लोखंडावर लावायचा, जाड थरावर लावलात तर बारीक थरथर त्या थरातच मरते आणि आजारी मशीन तुम्हाला ठणठणीत दिसते. मी ते लिहूनही घेतलं होतं. आणि तरी मी त्या पुट्टीवर चुंबक हातानं दाबून धरला. हातानं! शिकाऊ पोरानं केलं असतं तर मी त्याला उभं सोललं असतं.

का केलं, तेही माहीत आहे. खरवडलं असतं तर ठोका दिसला असता. दिसला असता तर मला परत पंख्याखाली एकटीनं बसावं लागलं असतं.

आता उद्या खरवडायचं म्हणजे काकासाहेबांनी एवढ्या हौसेनं लावलेला रंग खरवडायचा. पूजा झालेल्या मशीनचा. आणि तो मी खरवडायचा. ह्यातला कुठला भाग लोकांना जास्त लागेल, देव जाणे. भाऊबीज झाल्यावर केलं तर? फक्त एक आठवडा. एवढे दिवस चाललीच ना मिल.

हे वरचं वाक्य लिहिलं आणि मला माझीच किळस आली. त्या आठवड्यात रोज त्यांचे हात त्या रोलरपुढं असणार.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

केलं.

जेवणाच्या सुट्टीत मिल थांबते तेव्हा गेले. कुंकवाला लांब ठेवून, खालच्या बाजूला, बेअरिंगजवळ पात्यानं खरवडायला लागले. पुट्टी चांगली नखाएवढी जाड. रंगाचे पापुद्रे पायाशी पडत होते. मागून आवाज आला, "काय करती?"

काकासाहेब. हातात माझ्यासाठी आणलेला डबा. मी टेबलावर दिसले नाही म्हणून शोधत आले होते.

मी सांगायला लागले, कुंकवाला हात लावला नाही काका, चुंबकाला उघडं लोखंड लागतं, पुट्टीतून त्याला आतलं काही कळत नाही, ते रीडिंग खोटं होतं, माझी चूक होती. एका दमात. त्यांनी खरवडलेल्या जागेकडं बघितलं.

"किती लागतं लोखंड?"

मी अंगठा आणि बोट जुळवून गोल दाखवला. "एवढं."

"एवढ्यापायी," ते म्हणाले. डबा तिथंच लोखंडी पेटीवर ठेवला आणि मिल चालू करायला गेले.

मिल फिरायला लागली. चुंबक खट्कन बसला. यंत्राच्या पडद्यावर आलेख आला. ठोका सप्टेंबरच्या कितीतरी पट. शेजारचा दातही गेला असणार. राजकुमार सर जागेवर नव्हते. काकासाहेबांनी रबराचा पहिला लगदा उचलला आणि दोन्ही हात पुढं केले. मी धावत जाऊन लाल दांडी ओढली.

मिल थांबली. सगळा शॉप माझ्याकडं बघत होता. काकासाहेब लगदा हातात धरून तसेच उभे, आणि मग म्हणाले, "मॅडम, बाजूला व्हा."

राजकुमार सर आले. आलेख बघितला, खरवडलेली जागा बघितली. मला बाजूला घेऊन म्हणाले, "अगं, मला विचारायचं तरी. लोकांच्या भावना असतात. पूजेची मशीन, आणि त्यात तू." त्यात तू म्हणजे काय, ते त्यांनी पुढं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पण आता आलेख कागदावर होता आणि शॉपभर साक्षीदार होते, त्यामुळं मिल बंद ठेवण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं. ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

डबा मी घरी आणलाय. उघडवत नाही.

शनिवार, १८ ऑक्टोबर

गिअरबॉक्स उघडला. एक दात मुळापर्यंत तडकलेला, शेजारचा अर्धा उडालेला, तुकडा खाली तेलात पडलेला. अजून एखादी पाळी चालली असती, फार तर दोन.

राजकुमार सरांनी केबिनमध्ये बोलावून, दार लावून घेऊन, शाबास म्हटलं. दार उघडून म्हटलं नाही.

बाहेर पोरांना चेष्टेला विषय मिळाला होता. काका, पूजा कुणाला पावली? काका, दात पुट्टीनं भरता येतात म्हणून डेंटिस्टला सांगा की. दिवसभर तेच. मला वाटलं होतं ते एखाद्याला झापतील. ते तेलात पडलेल्या तुकड्याकडं बघत होते. उचलून हातात घेतला, आपल्या हातांकडं बघितलं आणि खाली ठेवला. मी म्हणाले, काका. ते म्हणाले, "बोला, मॅडम."

मी म्हटलं, काही नाही.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

भाऊबीज. कन्नडला आईकडं आहे. साडी घेतली नव्हती, बरं झालं. आईनं विचारलं, तुला कुणाकडं जायचं होतं ना? म्हटलं, रद्द झालं. आईनं करंजी पुढं केली. ती चंपाबाईंचा डबा घासत होती, म्हणाली, डबा लई चांगला हाय, कुणाचा हाय? मी म्हटलं, परत करायचाय.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

नवा गिअर बसला, मिल सुरू झाली. रीडिंग उत्तम. डबा काकासाहेबांच्या कपाटावर ठेवून आले, समोर जायची हिंमत झाली नाही. मी परत पंख्याखाली. आता निदान कुणी खोटं बोलत नाही, उठतात आणि जातात.

राजकुमार सरांना म्हटलं, एक लेखी सूचना काढा, सेन्सरच्या जागा रंगवायच्या नाहीत म्हणून. ते फोनवर होते. हात हलवून, बघू, म्हणाले.

काकासाहेब रोज आपल्या जागेवर असतात. मी लांबून बघते. हात रोलरपुढं जातात, मागं येतात. दोन्ही हात. कामात असले की ते गुणगुणतात, हे माझ्या आधी कधी लक्षात आलं नव्हतं. ते जिवंत माणसासारखे माझ्यावर रागावलेत आणि मी रोज ते बघून खोलीवर येते आणि रडते, आणि तरी परत दांडी ओढायची वेळ आली तर ओढेन.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

दोन नंबरला परत रंग लागला. तोच हिरवा. काकासाहेब सुट्टीच्या दिवशी येऊन एकटेच रंगवून गेले म्हणे. म्हटलं, झालं, आता परत पातं घ्या, परत सगळ्यांच्या डोळ्यांवर या. पातं खिशात घालूनच गेले.

जवळ जाऊन बघते तर जिथं मी सेन्सर लावते तिथंच रंग नाही. चुंबकाएवढी गोल जागा उघडी, घासून चकचकीत केलेली, गंज चढू नये म्हणून वर तेलाचं बोट फिरवलेलं. कडेनं ब्रश इतका जपून फिरवलाय की एक थेंब आत आलेला नाही. चुंबक असा बसला की विचारू नका. आलेख स्वच्छ आणि खरा.

काकासाहेब पलीकडं रबर कापत होते. मी आले तसं त्यांनी मधला गाडा ओढून मला वाट करून दिली आणि पाठ फिरवली. रीडिंग संपेपर्यंत एकदाही वळून बघितलं नाही. एकदा कुणाच्या मनातून उतरलं की उतरलं. जेवायला गेलेच नाही आज.

ती जागा सोडायला राजकुमार सरांनीच सांगितलं असणार. एरवी त्यांच्याबद्दल मी इथं फार वाकडं लिहिते. उद्या आठवणीनं केबिनमध्ये जाऊन त्यांना थँक्यू म्हणायचं.